डोनलची शिष्या

डोनल आणि ओर्नेला यांना आमच्या बागेत काम मिळालं ते त्यांच्या गाडीमुळे. गाडी चालत होती म्हणून नव्हे, बंद पडली म्हणून.

डोनल आयर्लंडचा, लिट्रिमकडचा. उंच, लाल कानांचा, आणि एकदा बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार होणार हे नक्की. ओर्नेला इटलीच्या उत्तरेकडची. ठेंगणी, कमी बोलणारी, पण जे बोलेल ते टाचणीसारखं टोचणारं. दोघांची ओळख इथे टास्मानियात, होबार्टच्या एका हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात झाली. त्याच्याकडे गाडी होती. तिच्याकडे नकाशा होता आणि निम्म्या पेट्रोलचे पैसे द्यायची तयारी. या देशात दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल, तर परदेशी पोरांना आधी तीन महिने शेतावर राबावं लागतं. तो व्हिसा दोघांनाही हवा होता. एवढ्यावर जोडी जमली. प्रेमबिम काही नव्हतं. निदान दोघंही तसं सांगायची, आणि तेही कुणी विचारलेलं नसताना.

गाडी म्हणजे एक लांबलचक जुनी वॅगन, मागे गादी टाकलेली. ज्या डॅनिश मुलाने ती डोनलला विकली, त्याच्या डोळ्यांत निरोप देताना पाणी आलं होतं. डोनलला वाटलं, पोराने केवढा जीव लावलाय गाडीला. पहिला चढ लागला तेव्हा त्याला समजलं, की ते पाणी सुटकेचं होतं. त्याने गाडीचं नाव कॉन्सेप्टा ठेवलं. ही त्याची सख्खी मावशी. त्यांच्याकडे उन्हाळ्यात जळणासाठी दलदलीतली माती कापायला सगळं घर बाहेर पडायचं, आणि नेमक्या त्याच सकाळी कॉन्सेप्टा मावशीचं डोकं दुखायला लागायचं. काम संपून जेवणाची पानं मांडली की डोकं थांबायचं. गाडीचंही तसंच होतं. समुद्रकिनाऱ्यावर जायचं असलं की एका किल्लीत सुरू. कामावर जायचं असलं की धूर.

कॉन्सेप्टाच्या कृपेने ती दोघं जिथे जातील तिथे उशिराच पोचायची. चेरीच्या बागेत पोचली तेव्हा आदल्या दिवशीच्या पावसाने चेऱ्या झाडावरच फुटल्या होत्या. हॉप्सच्या मळ्यावर निघाली तर घाटात रेडिएटर उकळलं. मळ्याच्या दाराशी आली, तोवर एका बसभर पोरांना घेऊन मालकाने दार लावलं होतं. डोनल गावोगावच्या फोनच्या खोक्यात शिरून शेतकऱ्यांना फोन लावायचा. अनुभव आहे का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारायचा, आणि डोनलचं उत्तर ठरलेलं असायचं: भरपूर.

"हॉप्स म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का तुला?" ओर्नेलाने त्याला एकदा विचारलं.

"बियर पितो की मी," तो म्हणाला.

आमच्याकडे ती आली तो एप्रिलचा पहिला आठवडा. थर्झा पायबस ही माझी थोरली बहीण. बाग तिची आणि माझी, पण हुकूम फक्त तिचा. मी ट्रॅक्टर चालवतो आणि ती सांगेल तिथे थांबवतो. त्या दिवशी मागे सफरचंदांची भरलेली खोकी लावून मी फाटकाकडे येत होतो. बाहेर रस्त्यावर पॅकिंग शेडचा ट्रक उभा होता. तेवढ्यात आमच्या चढावर एक वॅगन खोकत खोकत वर आली, अर्ध्यावर थबकली, आणि उलटी घरंगळायला लागली. आत बसलेल्या लाल कानांच्या मुलाने जिवाच्या आकांताने चाक फिरवलं. ती मागच्या मागे आमच्या फाटकात शिरली आणि बरोब्बर आडवी होऊन बसली. तोंड एका खांबाला, शेपूट दुसऱ्या खांबाला. ट्रक बाहेर, मी आत, मध्ये कॉन्सेप्टा.

थर्झा गमबूट घालून खाली आली. तिने गाडी पाहिली, ट्रक पाहिला, मला पाहिलं. मग मुलाकडे वळली.

"हे काय आहे?"

"कॉन्सेप्टा," तो म्हणाला. "म्हणजे गाडी. आम्ही काम शोधतोय, बाई."

"फाटक अडवून?"

"चालत्या गाडीने शोधून बघितलं. जमलं नाही."

थर्झाच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. साठ वर्षं ओळखतो म्हणून मला दिसलं. एरवी कुणाला दिसलं नसतं. पण तिने लगेच तोंड घट्ट केलं. आदल्या वर्षी अशीच पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारी दोन पोरं आमच्याकडे होती. ऐन हंगामात एका सकाळी उठून बघतो तर खोली रिकामी, शिडी झाडाला टेकवलेली तशीच. तेव्हापासून थर्झाने कानाला खडा लावला होता. गावातल्या नेहमीच्या बायका आणि आम्ही, एवढ्यावर भागवायचं, फळ जमिनीवर पडलं तरी बेहत्तर. तिने त्यांना तसं स्वच्छ सांगितलं. ही पाखरं उडून जातात, आणि पाखरांना मी पगार देत नाही.

मी गाडीला दोर बांधून ट्रॅक्टरने ती आमच्या शेडच्या बाजूला ओढली आणि गावात गाड्या दुरुस्त करणाऱ्या व्हर्नला बोलावलं. व्हर्नने झाकण उघडलं, आत बराच वेळ पाहिलं आणि टोपी काढली, जशी लोक मयताला काढतात. पाण्याचा पंप गेला होता, आणि तो जाताना आणखी काय काय सोबत घेऊन गेला होता. सुटे भाग समुद्रापलीकडून, मेलबर्नहून यायचे. येतील तेव्हा येतील.

"तोवर ही इथून पळणार नाही ना?" थर्झाने विचारलं.

"थर्झा," व्हर्न म्हणाला, "ही आधी कधी पळत होती असं मला वाटत नाही."

थर्झाने त्या दोघांकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. पाखरं खरी, पण पंख व्हर्नच्या ताब्यात. तिने त्यांना तोडणीवाल्यांची खोली दाखवली, सकाळी दव वाळलं की यायला सांगितलं, आणि जाता जाता विचारलं, की याआधी हे काम केलंय का.

"मी केलंय," डोनल म्हणाला. "लहानपणापासून बागेतच वाढलो. हिला काही येत नाही, पण तुम्ही काळजी करू नका. मी शिकवीन हिला."

त्याची ती बाग म्हणजे दोन गाई, एक दलदल आणि चर्चच्या मागचं एक आंबट सफरचंदाचं झाड, हे मला नंतर कळलं. ओर्नेलाने काही तरी बोलायला तोंड उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशीपासून शिकवणी सुरू झाली. दोघांना मिळून एक ओळ आणि एक खोकं दिलं होतं. ट्रॅक्टर घेऊन त्या ओळीवरून गेलो की डोनलचा आवाज कानावर यायचा. पोटाशी झोळी कशी बांधायची, शिडी कुठे टेकवायची, पाय कुठला आधी. ओर्नेला दोन्ही हात मागे बांधून, शाळेतल्या मुलीसारखी उभी राहून ऐकायची.

"फळाला घाबरायचं नाही," तो सांगत होता. "घट्ट धरायचं आणि खाली ओढायचं. झाडाला कळलं पाहिजे."

"काय कळलं पाहिजे?"

"आपण आलोय ते."

"कळलं असेल," ती म्हणाली. त्याच्या हातात फळासोबत वीतभर फांदी आली होती, आणि तिच्यावर पुढच्या वर्षीच्या फुलाचा डोळा होता.

डोनल तोडायचा म्हणजे काय, तर झाडाशी भांडायचा. आणि झोळी भरली की खोक्यात ओतायचा. ती धडधड दोन ओळी पलीकडे ऐकू यायची.

तिसऱ्या दिवशी मी झाडांच्या मागून चालत आलो, तर डोनल शिडीवर, पलीकडच्या बाजूला. अलीकडे ओर्नेला एकटी होती. ती तोडत होती, पण मला आवाजच येईना. दोन्ही हात एकाच वेळी चाललेले; तळहात फळाखाली जायचा, फळ वर उचललं जायचं, जरासं वळायचं आणि देठासकट सुटून यायचं. लाल झालेली तेवढीच घ्यायची, हिरवी सोडायची, आणि हे सगळं न बघता. झोळी भरली तशी ती खोक्यावर वाकली आणि खालचं कापड सोडून फळं इतकी हलके आत सोडली, की झोपलेलं मूल खाली ठेवतेय असं वाटावं. मग तिला मी दिसलो. तिने ओठांवर बोट ठेवलं.

चहाच्या वेळी ती ट्रॅक्टरपाशी आली आणि मला सगळं सांगितलं. तिच्या खोऱ्यात डोंगराच्या पायथ्यापासून चर्चच्या दारापर्यंत सफरचंदंच सफरचंदं. तिच्या बापाची बाग, आजोबाची बाग, दोन्ही काकांच्या बागा. चालायला लागली तेव्हापासून दर सप्टेंबरात तिच्या गळ्यात झोळी. जगात सफरचंद सोडून आणखी काही आहे का, ते पाहायला म्हणून ती घरातून निघाली होती. टास्मानियाला सगळे सफरचंदांचं बेट म्हणतात, हे तिला बोटीवर बसल्यावर कळलं. म्हणूनच ती डोनलला चेरीकडे ने, हॉप्सकडे ने, असं करत होती. शेवटी कॉन्सेप्टाने तिला आणून टाकलं ते नेमकं आमच्याच फाटकात.

"मग त्याला सांगत का नाहीस?" मी विचारलं.

"आधी गंमत म्हणून नाही सांगितलं," ती म्हणाली. "आता तो फार मनापासून शिकवतो, क्लेम. पावसात गाडी एकटा ढकलायचा तो, मला हात लावू द्यायचा नाही. एखाद्या गोष्टीत तरी त्याला उस्ताद होऊ दे."

मी कुणालाच सांगितलं नाही. खोकं भराभर भरत होतं. आपल्या पद्धतीने शिकवलं की नवखी मुलगीसुद्धा किती पटकन तयार होते, हे डोनल जेवताना गावातल्या बायकांना ऐकवायचा. ओर्नेला मान खाली घालून सूप प्यायची. थर्झाने एका संध्याकाळी इटलीच्या पाहुणीचा मान म्हणून दुकानातली डबाबंद स्पॅगेटी गरम करून टोस्टवर वाढली. ओर्नेलाने शेवटचा घास संपेपर्यंत ती खाल्ली आणि आभार मानले. त्या दिवशी माझी खात्री पटली, की या मुलीचा स्वतःवर विलक्षण ताबा आहे.

पण सफरचंदाला लागलेला मार लगेच दिसत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतो. तसा तो आला, आणि पॅकिंग शेडमधून थर्झाला फोन आला. त्यांनी एक खोकं परतच पाठवलं होतं. चहाच्या सुट्टीत आम्ही सगळे आमच्या शेडच्या ओट्यावर बसलो असताना तिने ते मध्ये आणायला लावलं. त्यात निम्मी फळं अंडी रचावीत तशी नितळ होती, निम्मी कुस्ती खेळून आल्यासारखी.

"हे तुमचं खोकं," ती त्या दोघांना म्हणाली. "यातली ठेचलेली कुणाची? ज्याची असतील त्याचा हात मला माझ्या झाडांना लागायला नको."

माझी बहीण चाळीस वर्षं बाग सांभाळते. कुणाची ते तिला पक्कं ठाऊक होतं. ते कबूल कोण करतं, एवढंच तिला पाहायचं होतं.

ओर्नेलाचा पाव हातातच राहिला. ती बोलणार, तेवढ्यात डोनल उठला. त्याचे कान पेटल्यासारखे लाल झाले होते.

"माझी आहेत," तो म्हणाला. "सगळी माझी. तिचा काही दोष नाही. ती नवी आहे, पण जपून काम करते. काढायचं तर मला काढा, बाई. तिला व्हिसाचे महिने भरायचेत. माझं काय, मी कुठेही जाईन."

आयुष्यात इतकी वर्षं छातीठोकपणे खोटं बोललेला तो पोरगा, आणि आज तिच्यासाठी म्हणून आणखी एक खोटं बोललो, अशा समजुतीत खरं बोलून गेला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ओर्नेलाने पाव खाली ठेवला.

"डोनल, ती तुझीच आहेत."

"तेच सांगतोय मी."

"तसं नाही रे. खरंच तुझी आहेत."

"हो, म्हणूनच तर..." तो बोलता बोलता थांबला.

मग तिने सांगितलं. बापाची बाग, आजोबाची बाग, काकांच्या बागा. ती आवाज खाली ठेवून सांगत होती, पण दोन्ही काकांपर्यंत येता येता एका बाईला हसू आवरेना, आणि एकदा सुरू झालं म्हटल्यावर सगळ्याच हसल्या. थर्झासुद्धा हसली, डोळे पुसेपर्यंत. मीही हसलो. डोनल तेवढा उभा होता.

"म्हणजे मी तुला शिडी कशी धरायची ते शिकवत होतो, तेव्हा..."

"ते तू चांगलं शिकवलंस," ती म्हणाली.

त्याने गळ्यातली झोळी काढली, नीट घडी घातली, ओट्यावर ठेवली आणि निघून गेला. थर्झा मागून ओरडून सांगत होती, की कुणी काढलेलं नाही तुला, शिड्या हलवायला ये. त्याला ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक.

दोन दिवस तो शिड्या हलवत होता, पण कुणाशी बोलत नव्हता. जो माणूस गप्प बसला की आपल्याला बरं वाटेल असं आम्हाला वाटायचं, तो गप्प बसल्यावर बागेत करमेना. ओर्नेला त्याच्यासाठी चहा नेऊन ठेवायची. तो "आभारी आहे" म्हणायचा, बँकेतल्या माणसाला म्हणावं तसं. आणि नेमके त्याच वेळी मेलबर्नहून भाग आले. व्हर्नने गाडी जोडली, आणि जरा चालवून बघतो म्हणून डोनल दुपारी ती घेऊन बाहेर पडला.

तासाभराने थर्झा खोलीत डोकावून आली. त्याची पिशवी नव्हती.

"पाखरं," ती मला म्हणाली.

ओर्नेलाने त्या दुपारी जशी तोडणी केली तशी मी आजवर पाहिलेली नाही. मान वर नाही, एकामागून एक झोळ्या. मी खोकं उचलायला गेलो तेव्हा म्हणाली, "पेट्रोल असेल तिथपर्यंत जाईल तो. मग फोन करेल." थोड्या वेळाने म्हणाली, "नाही करणार." आणि पुन्हा झाडात शिरली.

संध्याकाळी थर्झाने मटणाचे चॉप्स तळले, बटाटे उकडले आणि ताटं मांडली. किती मांडायची यावर ती क्षणभर अडखळलेली मी पाहिली. मग तिने चार मांडली. आम्ही जेवायला बसलो, पण कुणी सुरुवात करेना. अंधार पडता पडता चढावर तो ओळखीचा खोकला ऐकू आला. दिवे फाटकातून आत वळले. डोनल दारात येऊन उभा राहिला, पिशवी खांद्यावर.

"कुठे गेला होतास?" थर्झाने विचारलं.

"नदीच्या वरच्या अंगाला. एका बागेत काम मागायला." त्याने पिशवी खाली ठेवली. "त्यांनी विचारलं, अनुभव आहे का. मी म्हटलं, नाही. फळं ठेचतो, फांद्या मोडतो, आणि सफरचंदांच्या खोऱ्यात जन्मलेल्या मुलीला सफरचंदं तोडायला शिकवतो."

"मग?"

"मग नको म्हणाले. जन्मात एकदा खरं सांगितलं, तर ही गत."

या वेळी ओर्नेला हसली नाही. ती टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघत राहिली.

"मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "आधी मजा वाटली. नंतर..."

"नंतर काय?"

"नंतर मला आवडायला लागलं. तू शिकवतोस ते. सगळं चुकीचं होतं, पण मला आजवर इतकं समजावून कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे झोळी देतात आणि ढकलतात."

डोनलने यावर बराच विचार केला. इतका विचार करताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

"सगळंच चुकीचं?" त्याने विचारलं.

"झोळी तू बरोबर बांधतोस."

"बटाटे गार झालेत," थर्झा म्हणाली, आणि तो बसला.

ती दोघं हंगाम संपेपर्यंत राहिली. नंतर छाटणीलाही राहिली, कारण थर्झाने त्यांना जा असं म्हटलंच नाही. ती तसं म्हणत नाही म्हणजे आग्रह करते, हे डोनलला आता समजायला लागलं होतं. जुलैअखेर दोघं मुख्य भूमीकडे गेली, संत्र्यांच्या तोडणीला. व्हिसा मिळाला. पुढे काय झालं ते मी सांगत नाही, कारण त्यातलं निम्मं मला डोनलकडून कळलेलं आहे.

पण त्या रात्रीनंतरची सकाळ मी स्वतः पाहिली. नदीवर धुकं होतं, ते उठेपर्यंत बायका चहा घेत होत्या. ओर्नेला त्याला ओळीच्या टोकाच्या झाडापाशी घेऊन गेली. मी ट्रॅक्टरचं तेल बघायचं निमित्त करून जवळच थांबलो.

"तळहात खाली ने," ती म्हणाली. "वर उचल. जरासं फिरव. ओढू नकोस. ओढू नकोस म्हटलं ना."

"ओढत नाहीये."

"बोलूही नकोस."

त्याने जीभ दातांत धरली आणि फळ वर उचललं. ते देठासकट सुटून त्याच्या हातात आलं. त्याने ते तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं, उजेडात धरून सगळीकडून फिरवून पाहिलं, अंगठ्याने दाबून पाहिलं, देठ तपासला. चूक सापडावी म्हणून ती अगदी मनापासून शोधत होती, हे मला दुरूनही दिसत होतं.

"ठीक आहे," शेवटी ती म्हणाली. "आता दुसरं तोड."